गुरुवारच्या बाजारापर्यंत

औरंगाबादच्या छावणीतल्या म्हाताऱ्या माणसांना तब्येत विचारली की ती आजाराचं नाव सांगत नसत, ठिकाणाचं सांगत. ‘मकबऱ्यापर्यंत जाऊन येतो अजून’ म्हणजे ठणठणीत. ‘लोखंडी पुलाच्या पुढं जात नाही आता’ म्हणजे बरं चाललंय. ‘गुरुवारचा बाजार तेवढा करतो’ म्हणजे घरच्यांनी लक्ष ठेवावं. आणि ‘ओट्यावर बसून असतो’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा पाऊसपाण्याचं बोलायला लागायचा. खाम नदी, तिच्यावरचा पूल, अलीकडं बाजाराचं मैदान आणि नगर नाका, पलीकडं मिल कॉर्नर. एवढ्या टापूत त्यांचं सगळं वैद्यक बसलेलं होतं.

डॉक्टरांना ही मोजपट्टी सापडायला 1963 साल उजाडलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या रुग्णांकडं, त्यातही खुब्याचं हाड मोडलेल्यांकडं पाहत पाहत सहा साध्या गोष्टींची यादी केली. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा आणि आपल्या हातानं जेवणं. माणसाला कोणता रोग आहे हे विचारा, पण यातलं तो आपलं आपण काय करतो हे आधी विचारा, असा त्या यादीचा रोख. 1969 साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली. तिच्यात स्वयंपाक आला, पैशांचा हिशेब आला, औषधं आपली आपण घेणं आलं आणि खरेदी आली. आमचा गुरुवारचा बाजार असा अखेर शास्त्रात शिरला.

आजोबांचं छावणीत शिंपीकाम होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडं तोंड केलेली एक खोली आणि पायानं चालवायचं यंत्र. नव्या वर्द्या थोड्या, जुन्या सैल-घट्ट करणं जास्त. जन्मसाल त्यांना ठाऊक नव्हतं. ‘कंटिंजंट मोडली त्या सालचा मी,’ एवढंच ते सांगत, कारण त्यांच्या आईनं तसं सांगितलेलं. हैदराबाद कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चाललेली फौज. औरंगाबादची छावणी हे तिचं एक ठाणं. 1903 साली ती फौज मोडून हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली. म्हणून आजोबा 1903 चे.

त्याच्याही मागची गोष्ट त्यांच्याकडं त्यांच्या आज्याकडून आलेली होती. 1857 च्या जूनमध्ये कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात हूल उठली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून नेणार. स्वार बिथरले. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, आणि पुढं काळ्या चबुतऱ्यावर काही बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी दिलं, ते क्रांती चौकातून रोज जाणाऱ्यांना निदान ऐकून तरी माहीत असतं. आजोबा मात्र तोफांवर फार रेंगाळत नसत. त्यांच्या गोष्टीत एक म्हातारा पेन्शनर स्वार होता. धावपळीत बाजारातले लोक घरंदारं सोडून पळाले आणि हा बाजेवर तसाच राहिला. त्याला उचलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दोन दिवसांनी लोक परतले तर बाबा बाजेवरून विचारतोय, ‘पाणी कुणी भरलं का रे?’ गोष्ट खरी किती, पडताळायची सोय नाही. पण तिघा पिढ्यांनी तोफा गाळून हा माणूस राखून ठेवला, हे मला त्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं.

कारण छावणी ही मुळातच तरुणांची जागा. लष्कराच्या आरोग्यावर नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल 1863 साली आला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी 69 मृत्यू होत होते, आणि लढाईत फार थोडे. बाकी सगळे तापानं, हगवणीनं, पटकीनं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधी हिंदुस्थानात आल्या नाहीत. पण ठिकठिकाणाहून आलेल्या तक्त्यांवर त्यांनी लंडनमध्ये बसून जे लिहिलं, त्यानं छावण्यांतलं पाणी, गटारं आणि बराकींतली हवा हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. आकड्यांनी माणसं वाचवता येतात हे दाखवणारं ते मोठंच काम. त्या तक्त्यांत म्हातारा मात्र नव्हता. सैनिकाची उमेद संपली की तो तक्त्यातून बाहेर पडायचा, पेन्शन घ्यायचा आणि बाजारात खोली करून राहायचा. मग त्याला ताप आला काय, तो पडला काय, मोजणारं कुणी नाही.

असे पेन्शनर आजोबांची गिऱ्हाइकं होती. आजोबांची एक मापवही होती, लांबट, लाल कापडी बांधणीची. एका पानावर एक गिऱ्हाईक: उंची, छाती, कंबर, तीरा, बाही, पुढा, पाठ. माणूस पुन्हा आला की त्याच नावापुढं नवी ओळ. त्या वहीत बोट फिरवत आजोबा दाखवायचे, ‘हे बघ, हवालदार. इथं पुढा आणि पाठ जवळपास सारखी. इथं पाठ पाऊण इंचानं वाढली. इथं दीड. कोट तोच, माणूस वाकला.’ वाकलेल्या माणसाला पाठ लांब आणि पुढा आखूड बेतावा लागतो, नाहीतर कोट मागून उचलला जातो आणि पुढून लोंबतो. पायजम्याची उंची मात्र फारशी बदलत नसे, हेही ते सांगत. पाय तेवढेच राहतात, घटतो तो धड. ‘माणूस वरून आटतो,’ असं त्यांचं मत.

हाडांच्या डॉक्टरांचंही मत तेच आहे. ठिसूळ झालेले मणके हळूहळू दबतात, दुखतीलच असं नाही, आणि उंची कमी होते ती पाठीच्या कण्यात. तरुणपणच्या उंचीपेक्षा दीडेक इंचाहून जास्त घट दिसली तर मणके तपासून घ्या, असं ते सांगतात. अडचण एवढीच की तरुणपणची उंची कुणाकडं लिहिलेली नसते. आजोबांकडं होती.

एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मोजायचं, ही त्या वहीची सगळी करामत. वेगवेगळ्या वयाची हजार माणसं एकदाच मोजली तर एवढंच कळतं की म्हातारे तरुणांपेक्षा बुटके असतात. ते वाकल्यामुळं, की लहानपणी खायला कमी मिळाल्यामुळं, हे त्यातून कळत नाही. म्हणून देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर देशभर जो अभ्यास उभा केला, तो वर्षानुवर्षं त्याच माणसांकडं परत जाण्यासाठी. लासी या नावानं तो ओळखला जातो. 2017-18 च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त लोक त्यात होते. साठीच्या पुढचे 31 हजारांवर. घरी जाऊन उंची, वजन, रक्तदाब, हाताची पकड, चालण्याचा वेग मोजला. सोबत प्रश्न: काय खाता, कुणाबरोबर राहता, पैसे कोण देतं, रात्री झोप लागते का. भिंतीपल्याड मिक्सर चालू, नातवंडं टीव्ही लावून बसलेली, सून दारातून उत्तरं पुरवतेय, आणि पाहणीला आलेली मुलगी हातात पकड मोजायचं यंत्र देऊन म्हणतेय, ‘आजी, दाबा, अजून जोरात.’ संशोधन असं दिसतं. प्रयोगशाळेचं चित्र डोळ्यांपुढं आणणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

या कामात पहिली अडचण वयाचीच येते. ज्या पिढीचे जन्मदाखले नाहीत, तिला वय विचारलं की ती साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे सांगते. शिरगणतीच्या तक्त्यांत त्या त्या वयावर माणसांचे ढीग दिसतात, एकसष्ट आणि एकोणसत्तर ओस. वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं. त्यावर लोकसंख्याशास्त्रज्ञांनी काढलेली तोड मला फार आवडते. ते त्या त्या भागातल्या घटनांची यादी घेऊन जातात आणि म्हाताऱ्यांना विचारतात, ‘हे झालं तेव्हा तुम्ही केवढे होता?’

आमच्या छावणीत ही यादी करायला कुणी तज्ज्ञ लागला नसता. 1918 ची मानमोडी. 1948 चा सप्टेंबर: कागदोपत्री मुक्तिसंग्राम, म्हाताऱ्यांच्या तोंडी पोलीस ॲक्शन. 1951 मध्ये राजेंद्रप्रसाद येऊन नागसेनवनात मिलिंद कॉलेजची कोनशिला बसवून गेले ते. बहात्तरचा दुष्काळ, तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी. आजी म्हणायची, ‘मानमोडीत माझी आई गेली. मी परकर नेसत होते आणि भाकरी थापता येत होती, पण गोल नव्हती येत.’ गोल भाकरी न येणारी परकरातली पोर म्हणजे नऊ-दहा वर्षांची. तिचं जन्मसाल तिनं आकडा न उच्चारता सांगून टाकलेलं. शेजारची चाची पोलीस ॲक्शनच्या वेळी ‘अम्मीच्या कडेवर’ होती. तिचा मोठा भाऊ मात्र चालत होता, कारण त्याचा जोडा त्या पळापळीत हरवला आणि तो जोडा पुढं आयुष्यभर त्यांच्या घरात बोलण्यात राहिला.

आम्ही पोरं या गोष्टी वेळ घालवायला ऐकत होतो. सांगणारे मात्र त्यांतून आपलं वय, आपली उपासमार, आपले आजार, कोण कधी कशानं गेलं, सगळी नोंद देत होते. डॉक्टर ज्याला ‘हिस्ट्री’ म्हणतात ती हीच. फक्त तिला वेळ लागतो, आणि ओपीडीत मिळतात दोन-तीन मिनिटं.

आजी पडली ती दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात. पहाटे न्हाणीत गेली, आणि धप्प आवाज आला. खुबा मोडला होता. हाडवैद्यानं बांधलं, नंतर दवाखान्यात दाखवलं, त्यांनी ‘वय झालंय, झोपवून ठेवा’ सांगितलं. झोपवून ठेवली. पाठीला जखमा झाल्या, खाणं तुटलं, दिवाळीच्या आधी गेली. घरात त्यावर शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘पडायचं निमित्त झालं.’

ती पडली का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी आत्याशी बोलत बसलो असताना ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. आजी आदल्या वर्षापासून भिंत चाचपत चालायची. डाळीतले खडे तिला दिसत नव्हते आणि सुनेनं निवडलेली डाळ पुन्हा निवडायची तिची जुनी खोड सुटली होती. म्हणजे मोतीबिंदू. रात्रीतून तीन-चारदा उठायची. दुष्काळात आपल्या ताटातलं नातवंडांच्या ताटात ढकलून ती चिपाड झाली होती. न्हाणीची शहाबादी फरशी शेवाळलेली. आणि दिवा होता तो माजघरात. यातलं एकही कारण म्हातारपण नव्हतं. प्रत्येकावर त्या काळीही काहीतरी करता आलं असतं. फरशीवर तर चुन्याची एक फक्की पुरली असती.

वृद्धांच्या वैद्यकाचा जन्मच ‘वय झालं’ या उत्तरावरच्या चिडीतून झाला आहे. अमेरिकेतले इग्नात्झ नॅशर विद्यार्थी असताना त्यांनी गरीबखान्यात एक म्हातारी पाहिली. तिच्या तक्रारीचं कारण विचारलं, तर गुरुजी म्हणाले, वय झालं, दुसरं काय. नॅशर यांना ते उत्तर पचलं नाही. 1909 साली वृद्धांच्या वैद्यकाला स्वतंत्र नाव देणारे तेच. पण नावानं काम होत नाही. काम झालं ते लंडनजवळ, 1935 मध्ये. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडं शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना वर्ग झाला, 714 खाटांचा. त्यात वर्षानुवर्षं झोपून असलेले म्हातारे. ‘असाध्य’ अशी चिठ्ठी लावलेले, धड तपासलेले कधीच नाहीत. ते वॉर्ड मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी नवं औषध शोधलं नाही. एकेकाला नीट तपासलं. कुणाला अर्धांगवायू, कुणाला सांधेदुखी, कुणाला नुसतंच झोपून झोपून आलेलं आखडलेपण, अशी वर्गवारी केली. भिंतींना रंग दिला, धरायला कठडे लावले, खाटांची उंची बदलली, आणि माणसांना उठवून उभं केलं. त्यातली पुष्कळ चालायला लागली. काही चक्क घरी गेली. आजीच्या पडण्याच्या अडतीस वर्षं आधीची ही गोष्ट. ती लंडनहून छावणीपर्यंत यायला आणखी कितीतरी वर्षं जायची होती.

‘असं मन लावून तपासल्यानं खरंच फरक पडतो, की डॉक्टरांची नुसती समजूत?’ असा प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स रुबेनस्टाइन यांनी तो कसाला लावला. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयातले अशक्त म्हातारे रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. साठाच्या आसपास इकडं, तेवढेच तिकडं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला असा वॉर्ड, जिथं डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका एकत्र बसून माणूस पुरता समजून घेत: औषधं, चालणं, डोळे, मन, घर. वर्षाअखेरीस नेहमीच्या गटातले 48 टक्के दगावले होते, दुसऱ्या गटातले 24 टक्के. निबंध 1984 सालचा. एखाद्या गोळीनं मृत्यू निम्म्यावर आणले असते तर ती गोळी गल्लोगल्ली विकली गेली असती. वेळ देऊन विचारपूस करण्याला कुठली कंपनी जाहिरात देणार?

भारतात हे काम मद्रासला आधी सुरू झालं. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी काढली. पुढं या विषयातलं एमडीचं शिक्षणही देशात पहिल्यांदा तिथंच आलं. 2010-11 पासून केंद्राचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड ठरला. आमच्या गावात पुलापलीकडं घाटी आहे, 1956 सालचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथं वृद्धोपचारशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला, एमडीचे विद्यार्थी आले. डॉ. मंगला बोरकर या विभागाच्या प्रमुख होत्या. मराठवाड्यासारख्या भागात, जिथं बाळंतपण, विंचूदंश आणि अपघात यांनीच वॉर्ड भरून वाहतात, तिथं म्हाताऱ्यांसाठी वेगळी दारं उघडणं ही साधी गोष्ट नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं दहांत एक होती, आणि ओपीडीच्या रांगेत त्याहून कितीतरी जास्त दिसतात.

वृद्धांचा डॉक्टर तपासतो कसा, ते आमच्या चाचाच्या निमित्तानं जवळून पाहायला मिळालं. चाचा म्हणजे त्या कडेवरच्या चाचीचे यजमान, मिलमधून निवृत्त झालेले. महिन्यात दोनदा पडले होते. दोन्ही वेळा सकाळी, बाजेवरून उठताना. घरात ‘उमर हो गई’ एवढ्यावर मिटलेलं. डॉक्टरांनी आधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. कापडी पिशवी, वाण्याची जाहिरात असलेली. तिच्यातून पाकिटं निघाली तीन-चार ठिकाणची: हृदयाची, लघवीची, गुडघ्यांची, झोपेची. दोन पाकिटांवर नावं वेगळी, आत औषध एकच, रक्तदाबाचं. चाचा इमानेइतबारे दोन्ही घेत होते. मग डॉक्टरांनी त्यांना आडवं करून रक्तदाब घेतला, उभं केलं, घड्याळ लावून तीन मिनिटं थांबले आणि पुन्हा घेतला. वरचा आकडा वीसनं घसरला तर ती धोक्याची खूण. चाचांचा तीसनं घसरला. पहाटे उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती ती त्यानं. मग एक खुर्ची. ‘उठा, त्या पट्टीपर्यंत चालत जा, वळा, परत येऊन बसा.’ खुर्चीपासून पट्टी तीन मीटर. ही परीक्षा बर्मिंगहॅमच्या बर्नार्ड आयझॅक्स यांच्या गटातून 1986 मध्ये आली, आणि 1991 मध्ये तिला वेळेचं माप जोडलं गेलं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर माणूस पडायचा धोका धरतात. चाचांना वीसच्या पुढं लागले, आणि वळताना त्यांनी भिंत धरली. डॉक्टरांनी पाहायचं होतं ते हेच वळणं.

चाचांची दोन औषधं बंद झाली, झोपेची गोळी हळूहळू उतरवली, उठल्यावर बाजेच्या काठावर थोडं बसायचं ठरलं. तपासण्यांचा खर्च शून्य. जगात पासष्टीपुढच्या साधारण तिघांत एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. त्यातल्या किती पिशव्या उपड्या होत असतील, हा विचार मला अधूनमधून येतो.

राहिली बुद्धी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्यानं केली त्यानं या विषयाचं फार नुकसान केलं. विसरणं हा आजार असू शकतो हेच तिनं घराघरातून झाकून टाकलं. कुणी पैसे कुठं ठेवले ते विसरून सुनेवर आळ घेतो, कुणाला राहत्या गल्लीत रस्ता सापडत नाही, आणि सगळे म्हण म्हणून मोकळे. लासीच्याच जोडीनं झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाचा अंदाज असा, की देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिकांना हा विकार आहे; एकूण 88 लाखांच्या घरात. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

पण अक्षरओळख नसलेल्या माणसाची स्मरणशक्ती मोजायची कशी? पाश्चात्त्य चाचणीत तारीख विचारतात, एक शब्द उलट्या क्रमानं सांगायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात. आमच्या आजीला हे विचारलं असतं तर ती तिशीतच वेडी ठरली असती. नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत हा प्रश्न हातात घेतला आणि 1995 मध्ये हिंदीतली चाचणी मांडली. शब्द उलटा करण्याऐवजी वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ असं वाचून करायच्या ऐवजी परीक्षक जे करील ते बघून करायचं. वाक्य लिहायच्या ऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. माझ्या मते हा आपल्याकडच्या वैद्यकातल्या फार देखण्या कामांपैकी एक नमुना आहे. प्रश्न सोपे केले असं वरवर वाटतं. खरं तर शाळा वजा करून बुद्धी तेवढी मोजली.

भाचीची मुलगी एमबीबीएसला आहे. सुट्टीत आली की सरावासाठी तिला म्हातारी माणसं लागतात, आणि आमच्या गल्लीत त्यांना तोटा नाही. परवा ती चाचीपुढं बसली. आज तारीख काय, याला चाचीनं हात झटकले. वार विचारल्यावर म्हणाली, ‘बाजार का दिन है, जुमेरात. आवाज नहीं आ रहा क्या?’ खरंच मैदानाकडून कांदेवाल्यांचा कालवा येत होता. वार उलटे म्हणताना ती मंगळावर अडखळली, मग बोटं मोजून सोमवारावर सुखरूप पोचली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले त्यांतले दोन आले. पोरगी डोळे मिटून बसली तर चाचीनंही मिटले, आणि ‘नमाज का वक्त हो गया क्या’ म्हणून हसली.

मग शेवटचा. ‘चाची, आपल्या घराबद्दल एक वाक्य सांगा.’

चाचीनं पदर सावरला. ‘आमचं घर नदीच्या अंगाला. पहिल्यांदा इथं कौलं होती. पोलीस ॲक्शननंतर अब्बा परत आले तर अर्धी कौलं गायब, दार शाबूत. त्या दारावर लोखंडी कडी होती, ती माझ्या दादाच्या दादाला रिसाल्यातल्या एका…’ पोरीनं पहिल्याच वाक्याला खूण करून एक गुण दिला होता. ती कागद गोळा करायला लागली. तिला अजून दोन घरं गाठायची होती.

चाचीनं तिचा हात धरून खाली बसवलं. ‘बस? इत्ताच? अब्बी तो मैं दरवाजे तक आयी.’